आरसा तापला होता आणि आम्ही नाचत होतो

आमच्या आरशाच्या परावर्तनाचा पॉवर मीटरवरचा हिशोब ५५ टक्क्यांवरून ६१ टक्क्यांवर गेला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि मी आणि माझा लॅब पार्टनर दोघंही गॉगल घातलेल्या अवस्थेत एकमेकांना टाळ्या देत होतो. सात-आठ महिने ज्या गोष्टीच्या मागे होतो ती झाली असं वाटलं. आरसा प्रकाशाला प्रतिसाद देत होता! कमी तीव्रतेला कमी परावर्तन, जास्त तीव्रतेला जास्त परावर्तन, अगदी सिम्युलेशनमध्ये दिसायचं तसं, उलट त्याच्या दुपटीहून जास्तच. हे "दुपटीहून जास्त" तेव्हाच खटकायला हवं होतं, पण आनंदात कोण बघतंय.

आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचा लेसर यटर्बियमचा, १०३० नॅनोमीटरचा, पल्स म्हणजे प्रकाशाचा एकेक ठोका २५० फेम्टोसेकंदांचा (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग). २५० फेम्टोसेकंदांत प्रकाश ७५ मायक्रॉन जातो, म्हणजे साधारण केसाच्या जाडीइतकाच. लोकांना हे ऐकून वाटतं की झालं की मग, अजून किती छोटी करायची? पण या धंद्यात २५० म्हणजे ढोलीच पल्स. ती बारीक करायची नेहमीची रीत अशी की आधी तिला काचेतून किंवा गॅसमधून जोरात न्यायची. पल्सच्या मधल्या भागात तीव्रता जास्त असते, तिथे काचेचा अपवर्तनांक किंचित वाढतो, त्यातून पल्समध्ये नवे रंग तयार होतात आणि स्पेक्ट्रम रुंद होतो. पण हे रंग पुढेमागे सांडलेले असतात, लाल पुढे निळा मागे, म्हणून मग चर्प्ड मिररवर आपटून त्यांना परत एका रांगेत आणायचं. हे चर्प्ड मिरर म्हणजे थरांचेच आरसे, फक्त थरांची जाडी आत जाताना बदलत जाते, त्यामुळे लांब वेव्हलेंग्थ खोलवर जाऊन परत येते आणि आखूड वरच्यावरच परतते. १९९४ साली बुडापेस्टचा रॉबर्ट सिपोच आणि व्हिएन्नातला फेरेन्त्स क्राउस यांच्या मंडळींनी हे मांडलं. क्राउस म्हणजे तोच, ज्याला २०२३ चं नोबेल ॲटोसेकंदाच्या (फेम्टोसेकंदाचा हजारावा भाग) कामासाठी विभागून मिळालं.

पण चर्प्ड मिरर ठोंब्या असतो. त्याच्यावर मेणबत्ती धरा नाहीतर टेरावॅट टाका, तो दोघांना सारखंच वागवतो. आम्हाला हवा होता लाजाळूच्या झाडासारखा आरसा, म्हणजे पल्सचा मधला जोरकस भाग आला की जास्त परावर्तन करणारा आणि पुढचा-मागचा मंद भाग आला की तो सोडून देणारा. कडा कापल्या गेल्या की पल्स आपोआप आखूड. कल्पना नवी नाही, १९९२ मध्ये उर्सुला केलर यांनी सेमीकंडक्टरचा असा आरसा लेसरच्या आत वापरून दाखवला, सेसॅम म्हणतात त्याला, आणि आज तो कितीतरी लेसरमध्ये बसलेला असतो. पण सेसॅममध्ये इलेक्ट्रॉन वर ढकलले जातात, ते खाली यायला पिकोसेकंद लागतात (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद), आणि त्यासाठी थोडा प्रकाश खरोखरच गिळला जातो. आम्हाला हे सगळं न गिळता करायचं होतं, साध्या ऑक्साइडच्या थरांनी, कारण तिथे अपवर्तनांक तीव्रतेबरोबर जवळजवळ त्याच क्षणी बदलतो आणि त्याच क्षणी परत येतो. केर इफेक्ट.

तर डिझाइन असं होतं. टँटलम पेंटॉक्साइड (आमच्या भाषेत टँटला) आणि सिलिका, एकाआड एक, ३१ थर. टँटलाचा थर साधारण १०८ नॅनोमीटर, सिलिकाचा १५७, सगळं मिळून ४ मायक्रॉन. एवढाच काय तो आरसा, खालची सहा मिलिमीटरची काच नुसती आधाराला. या थरांचा परावर्तनाचा पट्टा, म्हणजे ज्या वेव्हलेंग्थ आरसा जोरात परत पाठवतो तो टप्पा, ९१० नॅनोमीटरच्या आसपास आणि त्याची लांबकडची कड बरोबर १०३० वर येऊन उतरते, म्हणजे आमचा लेसर उतारावर उभा. तीव्रता वाढली की टँटलाचा अपवर्तनांक वाढणार (सिलिकाचाही वाढतो पण टँटलाच्या मानाने अगदीच किरकोळ), अपवर्तनांक वाढला की अख्खा पट्टा लांब वेव्हलेंग्थकडे सरकणार, आणि उतारावर उभा असलेला लेसर थोडा डोंगराच्या आत जाणार. दर चौरस सेंटीमीटरला १ टेरावॅट टाकला तर सरकणं किती? जेमतेम एक नॅनोमीटर. सगळा खेळ त्या एका नॅनोमीटरचा.

आणि ६१ टक्के दिसले ते या आरशावर. पल्स ४० मायक्रोज्यूलची, सेकंदाला ५ लाख पल्स, म्हणजे सरासरी २० वॅट, स्पॉट २०० मायक्रॉनचा. हिशोबाने आकडा ५५ वरून ५७-५८ ला जायला हवा होता, कारण बीमच्या मध्यभागी इफेक्ट जास्त आणि कडेला कमी, वेळेतही तसंच, आणि पॉवर मीटर सगळ्याची सरासरी काढतो. आम्ही म्हटलं टँटला आपल्यावर खूश आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमना ग्राफ दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, ग्राफ बघितला, आणि अभिनंदन वगैरे काही न करता एकच विचारलं, "पल्स लांब करून बघितलीस का?"

मी म्हटलं, "मॅडम, लांब कशाला, छोटी करायची आहे ना?"

"अगं, कंप्रेसरची ग्रेटिंग हलव, पल्स तीन पिकोसेकंद कर, एनर्जी तेवढीच ठेव, सरासरी पॉवर तेवढीच ठेव. मग सांग किती टक्के येतात ते."

मुद्दा लगेच कळला आणि पोटात गोळाच आला. आम्ही तीव्रता वाढवताना काय केलं होतं, तर ॲटेन्युएटर, म्हणजे लेसरची पॉवर कमी-जास्त करायचं बटण, फिरवला होता. ॲटेन्युएटर फिरवला की पीकची तीव्रता वाढते आणि सरासरी पॉवरही वाढते, दोन्ही एकाच हाताने. आता आरसा नक्की कशाला प्रतिसाद देतोय हे कसं कळणार? लाजाळू बोट लागल्यावरही मिटतं आणि चटका बसल्यावरही मिटतं. पल्स बारा पट लांब केली तर तीव्रता बाराव्या हिश्श्यावर येते, केर इफेक्ट जवळजवळ गायब व्हायला हवा, पण २० वॅटची उष्णता तशीच राहणार.

केलं. ग्रेटिंग हलवायला पाच मिनिटं लागली आणि मीटरकडे बघायची हिंमत व्हायला अजून दोन. ५९ टक्के!

म्हणजे वाढलेल्या सहा टक्क्यांपैकी चार टक्के उष्णतेचे. थर तापले, थोडे फुगले, अपवर्तनांकही किंचित वाढला, पट्टा लाल म्हणजे लांब वेव्हलेंग्थच्या बाजूला सरकला, अगदी त्याच दिशेने ज्या दिशेने आम्हाला हवा होता. उलट्या दिशेने सरकला असता तर पहिल्याच दिवशी पकडला असता हो. चूक जेव्हा आपल्याला हवं तेच दाखवते ना तेव्हा ती पकडणं महाकठीण.

पार्टनर म्हणाला अजून एक पुरावा बघू. पल्स पिकर होता आमच्याकडे, त्याने लेसर एकदम चालू-बंद करता येतो, मेकॅनिकल शटरसारखा उघडताना वेळ खात नाही. परावर्तित बीम एका फोटोडायोडवर, येणारा बीम दुसऱ्यावर, दोघांचा भागाकार ऑसिलोस्कोपवर. पिकर उघडला की पहिल्या काही पल्सचं परावर्तन ५७ आणि थोडं वर, आणि मग रेष आरामात चढत गेली, आधी दोन-चार मिलिसेकंदांत भरभर, मग काही सेकंद रेंगाळत ६१ पर्यंत. केर इफेक्ट असा कधी चढत नाही, तो फेम्टोसेकंदाचा मामला. मिलिसेकंदात चढते ती उष्णता, कारण एवढ्या स्पॉटमधली उष्णता काचेत पसरायला साधारण तेवढाच वेळ लागतो, आणि नंतरचं रेंगाळणं म्हणजे अख्खी काच हळूहळू कोमट होणं. मजा म्हणजे त्या रेषेच्या सुरुवातीला आमचा खरा इफेक्टही दिसत होता, तो पहिला उभा अडीच टक्क्यांचा जिना. छोटासा, पण होता. तेव्हा मात्र जरा बरं वाटलं.

आता प्रश्न असा की हा आरसा एवढा तापतोय का. चांगलं ऑक्साइड कोटिंग १०३० ला जवळजवळ काहीच गिळत नाही. आम्ही आरसा पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीजवळ बघितला (हे आधी करायला कोणी अडवलं होतं?) आणि त्याच बॅचची नुसत्या टँटलाची टेस्ट काच शेजारी ठेवली, तर तिला किंचित चहासारखी झाक. टँटलाला कोटिंगच्या वेळी ऑक्सिजन कमी पडला की असं होतं, काही अणू उपाशी राहतात आणि ते प्रकाश गिळतात. हजारातला एक भाग गिळला तरी २० वॅटमध्ये २० मिलिवॅट, आणि ते २०० मायक्रॉनच्या ठिपक्यात म्हणजे तापमान पन्नासेक अंशांनी सहज वर. त्यात आमचा लेसर पट्ट्याच्या कडेवर उभा, कडेवर प्रकाश थरांमध्ये जास्त वेळ घोटाळतो, त्यामुळे गिळणं अजून वाढतं. केर इफेक्ट वाढावा म्हणून ही कड निवडली होती, तीच उष्णताही वाढवत होती.

उपाय ठरलेला, ॲनीलिंग. भट्टीत साध्या हवेत ४०० अंशांपर्यंत हळूहळू चढवायचं, तासाला पन्नास-साठ अंशांच्या वर नाही, तिथे काही तास ठेवायचं आणि तितक्याच हळू उतरवायचं, घाई केली तर कोटिंगला बारीक तडे जातात. हवेतला ऑक्सिजन आत शिरतो आणि टँटला पोटभर जेवतो. दीड दिवस भट्टीच्या डिस्प्लेकडे बघत बसण्यापलीकडे यात काही काम नाही. बाहेर काढल्यावर टेस्ट काचेची झाक गेलेली, पाण्यासारखी स्वच्छ.

पण स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे प्रत्येक वेव्हलेंग्थला किती परावर्तन ते मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवलं तर कड ४ नॅनोमीटर लाल बाजूला सरकलेली. ॲनीलिंगमध्ये थर थोडे फुगतात आणि फुगलेले तसेच राहतात. एक नॅनोमीटरचा खेळ खेळणाऱ्यांना चार नॅनोमीटरची भेट. आमचा लेसर आता उतारावर नाही तर जवळजवळ माथ्यावर, परावर्तन ८० च्या वर, तिथे वाढायला जागाच नाही.

इथे मात्र थरांच्या आरशाचा एक जुना गुण कामी आला. आरसा तिरका केला की पट्टा आखूड वेव्हलेंग्थकडे सरकतो, कायम, कुठलाही थरांचा आरसा घ्या. आमच्या आरशाला १० अंशाला साधारण ५ नॅनोमीटर. म्हणजे ४ साठी ९ अंशांच्या आसपास. माउंट फिरवला, मीटरवर ५५ आले, तिथेच स्क्रू आवळला. ज्याने हे लिहून ठेवलं त्याला मनोमन हात जोडले. अर्थात आरसा फिरवला म्हणजे पुढचा सगळा बीम फिरला आणि टेबलावरची पुढची अलाइनमेंट पहिल्यापासून, डोळ्यांना न दिसणारा बीम दाखवणारं आयआर कार्ड हातात धरून ठिपका शोधत, तो एक अख्खा दिवस गेला त्याबद्दल काही लिहीत नाही.

मग परत तीच परीक्षा. पूर्ण पॉवर, २५० फेम्टोसेकंद: ५८. तीन पिकोसेकंद, तीच पॉवर: ५५ आणि जरासं काहीतरी. पिकरने सेकंदाला ५ लाखांऐवजी फक्त ५ हजार पल्स घेतल्या, सरासरी पॉवर शंभराव्या हिश्श्यावर आणली, पल्सची एनर्जी तीच: ५७.५. यावेळी कोणी टाळ्या दिल्या नाहीत. मॅडम म्हणाल्या, "हं. आता पल्स मोजा."

कारण परावर्तन वाढणं आणि पल्स आखूड होणं या दोन वेगळ्या गोष्टी. पल्स मोजायला आमच्याकडे फ्रॉग आहे, बेडकाशी संबंध नाही, नावाची आद्याक्षरं तशी जुळून आलीत एवढंच. पल्सच्या दोन प्रती करायच्या, एकीला मागेपुढे सरकवायचं, दोघींना बीबीओ क्रिस्टलमध्ये भेटवायचं आणि त्यातून निघणाऱ्या ५१५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाचा स्पेक्ट्रम प्रत्येक सरकवण्याला नोंदवायचा. स्टेज एक मायक्रॉन हलली की साडेसहा फेम्टोसेकंदांपेक्षा थोडा जास्त फरक पडतो, त्यामुळे मोजणी चालू असताना टेबलाला कोपर टेकवायचं नाही, दार आपटायचं नाही.

सगळ्यात आधी मंद पल्स मोजली, म्हणजे तीव्रता इतकी कमी की आरसा नुसता ठोंब्यासारखा वागेल. आत २५०, बाहेर २५२. लांबच झाली! बरोबरच आहे, उतारावर उभं राहिल्यावर आरसा स्पेक्ट्रमची लाल बाजू थोडी खातो, आणि स्पेक्ट्रम अरुंद झाला की पल्स लांब होणार. हा आकडा माहीत नसता तर पुढचा आकडा वाचता आला नसता. मग पूर्ण तीव्रता: २४५. दोन्ही पाच-पाच वेळा मोजले, आरशावरची जागा बदलून मोजले, तेच. आणि स्पेक्ट्रम मंद पल्सच्या मानाने रुंद झालेला, जो व्हायलाच हवा, कारण आमची पल्स आधीच तिच्या स्पेक्ट्रमला परवडेल तेवढी आखूड होती, तिला अजून आखूड व्हायचं तर नवे रंग लागणारच. पहिल्या रात्री आम्ही स्पेक्ट्रम बघितला असता तर उष्णतेचं सोंग तिथेच उघडं पडलं असतं. कोपऱ्यात स्पेक्ट्रोमीटर चालू होता. कोणी बघितलं नाही.

सात फेम्टोसेकंद. एवढ्यासाठी एवढं? म्हणून तीन वेळा आपटायचं ठरवलं, तीन वेगळ्या जागी. प्रत्येक वेळी चाळीसेक टक्के एनर्जी आरपार निघून जाते, म्हणून तीव्रता टिकवायला स्पॉट लहान करत जायचा, २०० मायक्रॉन, मग १५०, मग ११५. कागदावर सोपं. तिसऱ्या स्पॉटला लेसर पूर्ण पॉवरवर नेला आणि आयआर व्ह्यूअरमध्ये ठिपक्याच्या जागी एक लहानशी चांदणी चमकली, बस, कोटिंग गेलं. आवाज नाही, धूर नाही, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर काठ फाटलेला गोल खड्डा. कारण शोधायला दोन दिवस गेले आणि कारण इतकं बावळट की लिहायला लाज वाटते, बीम कॅमेऱ्याने स्पॉट मोजताना मी अंतर कॅमेऱ्याच्या पुढच्या कडेपासून धरलं होतं आणि सेन्सर असतो आत, सी माउंटला (कॅमेऱ्यावर लेन्स बसवायचा एक ठरलेला प्रकार) साडेसतरा मिलिमीटर आत. त्यामुळे ११५ समजत होतो तिथे खरा स्पॉट ८० चा, आणि तेवढ्या जागेत १३ मायक्रोज्यूल टँटलाला सोसवत नाहीत. सुदैवाने आरसा २५ मिलिमीटरचा आहे, एक मिलिमीटर बाजूला सरकलो आणि पुढे गेलो, तसे आता त्याच्यावर चार खड्डे आहेत.

तीन आपटांनंतर: मंद पल्स २५६, जोरकस पल्स २३६. पल्सच्या आजूबाजूची जी फालतू मंद शेपटं होती, लेसरच्या कंप्रेसरमधून आलेली, ती मात्र स्पष्टपणे खाली बसली, आणि मला विचाराल तर २३६ पेक्षा हेच खरं यश. कारण जरा हिशोब करा, आत ४० मायक्रोज्यूल आणि बाहेर साडेसात. पल्स सहा टक्क्यांनी आखूड झाली पण एनर्जी पाचव्या हिश्श्यावर, म्हणजे पीक पॉवर वाढायच्या ऐवजी पाच पट कमी झाली. नुसती पल्स आखूड करायची असेल तर काचेच्या चार पातळ प्लेट आणि चर्प्ड मिररची एक जोडी याच लेसरला कितीतरी खाली नेईल आणि एनर्जीही फारशी खाणार नाही. हे मी ग्रुप मीटिंगमध्ये स्वतःच्या तोंडाने बोलले तेव्हा पार्टनरने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी घरभेदी.

पण लेसरच्या आत, कॅव्हिटीमध्ये, गणित वेगळं असतं. तिथे पल्स एकाच आरशावर हजारो वेळा येते आणि प्रत्येक फेरीत गेलेली एनर्जी लेसर भरून काढतो, तिथे एका आपटीत एक टक्काही फरक पडला तरी पुरतो, सेसॅम त्याच जोरावर चालतो. तिथे ५५ टक्के परावर्तन मात्र परवडत नाही, उताराच्या मधे नाही तर माथ्याजवळ उभं राहावं लागेल, ९५-९६ च्या आसपास, आणि तीव्रताही कॅव्हिटीत इतकी मिळत नाही, म्हणजे थरांमध्ये प्रकाश अजून जास्त घोटाळायला हवा, म्हणजे उष्णता परत दारात उभी.

नवीन डिझाइनमध्ये वरचे चार थर बदललेत आणि कड मुद्दाम ४ नॅनोमीटर आखूड बाजूला ठेवलीय, ॲनीलिंगमध्ये सरकून बरोबर जागेवर यावी म्हणून. काल बॅच आली. टेस्ट काच मी डबा उघडल्या उघडल्या पांढऱ्या कागदावर ठेवून बघितली, याहीवेळी थोडी झाक आहेच. भट्टी सध्या २१० वर आहे, उद्या दुपारपर्यंत ४०० ला पोहोचेल.